वस्ताद पाहण्याचा कार्यक्रम

गेल्या उन्हाळ्यात एका माकडानं माझ्या थोबाडीत मारली.

हे सरळ सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या तळेगावात ते सगळ्यांना माहीत आहे आणि जो तो आपल्या मनानं सांगतो. कुणी म्हणतं माकडं दोन होती. कुणी म्हणतं मीच आधी शिवी दिली. खरं एवढंच, की मी छतावरच्या वाळलेल्या कुरडया गोळा करायला गेले होते, ताट भरलं होतं, आणि पाण्याच्या टाकीमागून एक दांडगा हुप्प्या पुढे आला. बागांमधली संत्री संपली की ही मंडळी गावात उतरतात. त्यानं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ताटाकडे पाहिलं. मी ताट दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून उभी राहिले. त्यानं काही घाई केली नाही. जवळ येऊन माझ्या डाव्या गालावर एक ठेवून दिली, ओंजळभर कुरडया उचलल्या आणि कठड्यावर बसून माझ्यासमोरच खाल्ल्या.

लागलं फारसं नाही. राग आला तो माझाच मला आला. मी पळाले नाही, ओरडले नाही, हात वर केला नाही. मार खाऊन झाल्यावरही मी ताट तसंच त्याच्यापुढे धरून उभी होते, जणू आणखी घ्या म्हणत होते. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की असं उभं राहण्याचा मला चांगला नऊ वर्षांचा सराव आहे.

मी छत्तीस वर्षांची आहे. घरी शिवणकाम करते, गावातल्या निम्म्या बायांची मापं मला तोंडपाठ आहेत. माझा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड आहे, जन्मापासून. त्यानं माझं काही अडत नाही. अडलं ते लग्न. नऊ वर्षांत अकरा ठिकाणची मंडळी मला पाहायला आली आणि अकरा वेळा तोच कार्यक्रम झाला. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर यायचं, मान खाली ठेवायची, विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. शेवटी कुणीतरी, बहुतेक वेळा मुलाची आत्या, अगदी मायेनं म्हणायची, "बाई, जरा चालून दाखव." मग मी दारापासून दिवाणापर्यंत आणि दिवाणापासून दारापर्यंत चालायची. मंडळी पोहे संपवायची आणि म्हणायची, "कळवतो." कळवलं कुणीच नाही.

बाबांचं गावात किराण्याचं दुकान आहे आणि त्यांना प्रत्येक गोष्टीची यादी लागते. पाहुणे गेले की ते त्यांनी विचारलेले सगळे प्रश्न एका फुलस्केप कागदावर उतरवून ठेवत, पुढच्या वेळी तयारी असावी म्हणून. कूळ, गोत्र, पोटजात इथून सुरुवात. मग उंची, चष्मा, भात मोकळा होतो का, आवाज चढतो का, असं करत यादी कागदाच्या मागच्या बाजूला गेली. शेवटचा प्रश्न मात्र कायम तोच राहिला. याशिवाय बाबा दर वेळी सदऱ्याच्या खिशात एका चपट्या डबीत सुपारी ठेवायचे. होकार आलाच तर तिथल्या तिथे सुपारी फोडायची, म्हणजे बोलणं पक्कं. पहिल्या पाहुण्यांच्या वेळी घेतलेली ती सुपारी अकराव्या पाहुण्यांपर्यंत तीच होती. आई म्हणायची, निदान ती तरी बदला. बाबा म्हणायचे, खराब कुठं झाली?

माकडाच्या दुसऱ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "मले मारामारी शिकाची हाये."

मला त्या हुप्प्याशी वैर धरायचं नव्हतं. पुढच्या वेळी कुणी अंगावर चालून आलं, माकड असो की माणूस, तर मी ताट धरून उभी राहू नये, माझ्या अंगानं आपणहून काहीतरी करावं, एवढंच मला हवं होतं. छत्तिसाव्या वर्षी ते जमेल की नाही हे मला कळायला हवं होतं. नाही जमलं तर मी अशीच आहे म्हणून गप्प बसायची माझी तयारी होती, पण आधी कळायला हवं होतं.

आई म्हणाली, "या वयात?" बाबांनी भाकरी संपवली, हात धुतले आणि दारात उभे राहून म्हणाले, "मंग एखादा चांगला वस्ताद पाहावं लागन."

"पाहावं लागन" हे शब्द तोंडातून निघाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. ते परत आत येऊन बसले.

"म्हनजे यावेळी पाहाले आपन जाऊ," ते म्हणाले. "पोहे ते देतीन. प्रश्न आपन इचारू."

"हो."

"अन् कळवतो आपन म्हनू."

नऊ वर्षांत मी बाबांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. त्यांनी कपाटातून यादी काढली, सदरा इस्त्रीला टाकला आणि सुपारीची डबीसुद्धा खिशात टाकली. मी म्हटलं, "बाबा, सुपारी कायले?" तर म्हणाले, "पसंत पडला तं?" मला हसू आवरत नव्हतं आणि थांबवावंसंही वाटत नव्हतं.

पहिलं स्थळ आष्टीचं. तिथं आठवडी बाजाराच्या मागे एक जुना आखाडा आहे आणि तिथले वस्ताद एकेकाळी लाठीत आणि कुस्तीत आसपासच्या तालुक्यांत कुणाला आटोपत नव्हते, असं बाबांना दुकानातल्या गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. एकेकाळी या शब्दाकडे आम्ही दोघांनीही नीट लक्ष दिलं नाही. वस्ताद ऐंशीच्या आसपासचे निघाले. मिशा भरघोस, छाती अजून रुंद, पण सदरा खांद्यावरून घसरत होता. कधीतरी बेचाळीसची असलेली छाती आता अडतीस झाली आहे आणि सदरा जुन्याच मापाचा शिवतात, हे मी बसल्याबसल्या ताडलं. त्यांनी आम्हाला पिंपळाखाली खाटेवर बसवलं. पोहे आले नाहीत, पण दूध आलं. बाबांनी दूध प्यायलं आणि यादी उघडली.

"कूळ, गोत्र?"

वस्तादांनी सांगितलं. त्यांना वाटलं असावं, सरकारी पाहणी आहे.

"चष्मा?"

"होता. म्हशीनं तुडवला."

"स्वयंपाक येते का?"

"खिचडी लावतो."

"भात मोकळा होते का?"

वस्ताद विचारात पडले. "पहिले होत जाये," ते म्हणाले. "आता गच्च होते."

बाबांनी यादीवर खूण केली. आखाड्यातले चार-सहा पहिलवान जोर मारायचे थांबून ऐकत होते. मी मान खाली घालून बसले होते, सवयीनं. आणि मग बाबा कागदाच्या तळाशी आले. त्यांनी घसा साफ केला आणि अगदी मायेनं, त्या सगळ्या आत्यांच्या आवाजात म्हणाले, "आता जरा चालून दाखवा."

ते असं म्हणतील हे मला माहीत असायला हवं होतं. शेवटचाच तर प्रश्न होता तो. वस्ताद उठले. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. मारुतीच्या ओट्यापर्यंत ते डुलत डुलत गेले, ओट्याला हात टेकून वळले आणि परत आले. बसायच्या आधी त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, बरं झालं ना, असं विचारल्यासारखं. तो चेहरा मी ओळखला. तो माझाच होता. बाबांच्या बाजूनं बसून तो पाहताना मला इतकी लाज वाटली की मी दुधाचा रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

"पन तुमी आले काऊन?" वस्तादांनी विचारलं.

बाबांनी माकडाचं सांगितलं. वस्ताद ऐकता ऐकता हात जोडून उभे राहिले.

"कोनत्या गालाले?"

"डाव्या," मी म्हटलं.

ते ओट्याकडे गेले, मारुतीच्या पायाचा शेंदूर बोटावर घेतला आणि माझ्या डाव्या गालावर जाडजूड लावला. "देवानं सोता येऊन हात लावला," ते म्हणाले, "अन् तुमी त्याच्याच संग लढाले शिकून राह्यले?" मग त्यांनी पहिलवानांना हाक मारली. ते एकेक करून आले आणि माझ्या गालाला नमस्कार करून पुन्हा जोर मारायला गेले. एकानं तर मोबाइलवर फोटो काढला, फक्त गालाचा.

निघताना बाबा दोन पावलं गेले, थांबले, वळले आणि म्हणाले, "कळवतो." ते वाक्य त्यांनी इतक्या सावकाश उच्चारलं की त्यांना घरी जायची घाई नव्हती हे दिसत होतं. एसटीत मला एका बाईनं उठून जागा दिली. शेंदूर धुवायला तीन दिवस लागले.

दुसरं स्थळ कारंजा घाडगे. हे तोलाचं होतं. हायवेला टायरच्या दुकानावर माडी, माडीवर कराटेचा वर्ग, दाराला लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं. सर चाळिशीचे, काळा पट्टा, अंगावर पांढरा पोशाख. तो पोशाख बगलेत घट्ट होता आणि काखेची शिवण दोन जागी उसवली होती. मी मनातल्या मनात तिथं कापडाचा चौकोन जोडला. खालून ट्रक गेला की सगळी माडी थरथरायची आणि सर बोलायचे थांबायचे, ट्रक गेला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचे. कोपऱ्यात छपरावरची जुनी कवेलू रचलेली होती. ती सर कपाळानं फोडणार होते.

सरांची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबांनी यादी उघडली.

आता मागे वळून पाहिलं की सगळं स्वच्छ दिसतं. एक वयस्क गृहस्थ इस्त्रीचा सदरा घालून येतो. सोबत बिनलग्नाची लेक, मान खाली. तो बसतो आणि एका अविवाहित माणसाला त्याचं कूळ, गोत्र, उंची, व्यसन, शेती, भाऊ किती, बहिणींची लग्नं झाली का, असं ओळीनं विचारतो. त्या माउलीनं दुसरं काय समजावं? ती आत गेली. थोड्या वेळानं फोडणीचा वास आला. पोहे आले, वरून तर्री, सोबत शेव, आणि माझ्या पोह्यांवर खोबरं जास्त होतं. बाबांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. पोहे ते देतीन, म्हणाले होतेच ते.

"ब्लाउज तूच शिवला काय, बाई?" सरांच्या आईनं विचारलं.

"हो."

"गळा बरा बसला. वय किती म्हनावं?"

मी सांगितलं. तिकडे सरांनी एक कवेलू विटांवर आडवं ठेवलं, डोळे मिटले आणि श्वास घेतला. खालून ट्रक गेला. सर थांबले. ट्रक लांबचा होता, बरीच चाकं असावीत, आणि त्या थरथरीत सरांच्या आईनं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "बाई, जरा चालून दाखव."

आणि मी उठले.

मी का उठले हे मला अजून सांगता येत नाही. मी वस्ताद पाहायला गेले होते. प्रश्न विचारायचा अधिकार आमचा होता. पण ते चार शब्द कानावर पडले आणि माझे पाय आपोआप उभे राहिले. मी कवेलूंच्या ढिगापासून छताला टांगलेल्या ठोसे मारायच्या पोत्यापर्यंत चालले, वळले आणि परत आले. येताना बाबांची रिकामी ताटली उचलून घेतली. सर डोळे उघडून पाहत होते. बाबांचं बोट यादीच्या शेवटच्या प्रश्नावर होतं आणि ते तिथून हलत नव्हतं.

सरांच्या आईनं माझ्या हातातून ताटली घेतली. ती वाईट बाई नव्हती, तिच्या तोंडावर खरोखरच वाईट वाटल्याचं दिसत होतं.

"कळवतो," ती म्हणाली.

आम्ही खाली उतरलो. मागे वर कवेलू फुटल्याचा आवाज आला. टायरांच्या ढिगाजवळ येऊन बाबा थांबले.

"पाहाले आपन गेलतो ना?" ते म्हणाले.

"हो."

"मंग नापसंत आपन कसे झालो?"

मला हसू फुटलं. समोरच्या ढाब्यावर चहा घ्यायला बसलो तरी मी हसतच होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, शेजारच्या बाजेवरचे दोन ट्रक ड्रायव्हर उगाचच माझ्याबरोबर हसू लागले. बाबा हसले नाहीत. त्यांनी यादीची घडी घातली, आणखी एक घातली, ती एवढीशी झाली तेव्हा खिशात सुपारीच्या डबीखाली सरकवली. "बारा झाले," ते हळूच म्हणाले. माझं हसू तिथंच थांबलं. नऊ वर्षांत मी त्या खोलीत चालले ते मलाच सहन करावं लागलं असं मी धरून चालले होते. खुर्चीत बसून ते पाहणाऱ्याचं काय होत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्यानंतर बाबांनी वस्तादाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. मी मशीनवर बसले. उठून चालायला लागलेले माझे ते पाय आठवले की मला शिलाई उसवावी लागे. शिकून तरी काय होणार होतं? थोबाडीत बसल्यावर अंग हलत नव्हतं आणि नको तिथं आपोआप हलत होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पोस्टात टपाल वाटणारी ताई ब्लाउज घेऊन आली. सहा वर्षांपासून माझं गिऱ्हाईक. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्ध्या इंचानं भरलेला आहे आणि ब्लाउज दर वेळी उजव्या काखेतच फाटतो. मी आजवर तो दोष टपालाच्या पिशवीला देत आले होते. त्या दिवशी पिशवी तिच्या डाव्या खांद्यावर दिसली.

"ताई, दर खेपी इथंच काऊन फाटते?"

"पोरी तिथंच धरते ना," ती म्हणाली. "ज्युडो शिकवते मी. विहाराच्या हॉलमधी, रोज सायंकाळी. तुले नाई माहीत?"

नव्हतं माहीत. विहार माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, माझ्या चालीनं बारा. आम्ही एसटीनं आष्टीला गेलो, कारंजाला गेलो, आणि गावातच एक बाई पोरींना उचलून आपटत होती. ताईच्या वस्तीतले लोक बाबांच्या दुकानात येतात, ब्लाउज माझ्याकडे शिवतात. आमच्या आळीतून मात्र तिकडे काही पाहायला म्हणून कुणी जात नाही. असं कुणी ठरवलेलं नाही, आणि सगळ्यांना माहीत आहे. मला स्वतःची लाज वाटली. सहा वर्षं त्या बाईचं दंडाचं माप माझ्या वहीत होतं आणि तो दंड असा कशानं झाला हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ तराजूचं पारडं पुसत राहिले. मग म्हणाले, "पाहून येऊ." सदऱ्याला इस्त्री केली नाही.

हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, समोर अंथरलेल्या जाड गाद्या, आणि गाद्यांवर आठ-दहा पोरी. एक पडली की दुसरी, दुसरी पडली की तिसरी, धप्प धप्प असा एकसारखा आवाज चालला होता. कुणी रडत नव्हतं. ताईनं बाबांना प्लास्टिकची खुर्ची दिली, मला गादीच्या कडेला बसवलं. पोहे वगैरे काही नव्हतं. बाबांनी सवयीनं यादी काढली, घड्या उलगडल्या आणि पहिली ओळ पाहिली. कूळ, गोत्र, पोटजात.

"इचारा ना, काका," ताई म्हणाली.

बाबांचं बोट त्या ओळीवर होतं. ते यादीकडे पाहत राहिले, मग मूर्तीकडे, मग दाराशी काढलेल्या आपल्या चपलांकडे. त्यांनी कागदाची घडी केली.

"यादीत काही खास नाई," ते म्हणाले. "एकच इचारतो. लागन का हिले?"

"लागन."

"किती?"

"पडल्यावर लागते तेवढं," ताई म्हणाली. "पहिले तीन महिने मी फक्त पडाले शिकवते. पडता आलं तं मंग पुढचं." आणि ती माझ्याकडे वळली. "तू ऊठ. जरा चालून दाखव."

खुर्ची पडल्याचा आवाज झाला. बाबा उभे राहिले होते.

"चाल बाई," ते मला म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "घरी चाल. झालं."

पोरी पडायच्या थांबल्या. माझे पाय उठायला लागले होते, ते त्यांच्या सवयीनं, आणि त्या क्षणी मला दोघांचाही भयंकर राग आला, ताईचा आणि माझ्या पायांचा. मी अर्धवट उठलेली तशीच थांबले. मग मी तो शब्द बोलले, जो आमच्याकडे तीन वर्षांचं पोरही दिवसातून शंभर वेळा बोलतं आणि मी अकरा घरच्या मंडळींपुढे, बाराव्या माउलीपुढे आणि एका माकडापुढे एकदाही बोलले नव्हते.

"काऊन?"

ताईला त्यात काही विशेष वाटलं नाही. "वजन कोन्या पायावर पडते ते पाहाचं हाये," ती म्हणाली. "मानूस त्याच बाजूनं पडते. जिकडून पडते तिकडून शिकवाले सुरुवात करते मी. या सगळ्या पोरी चालून दाखवूनच आल्या."

मी पोरींकडे पाहिलं. एकीनं मान डोलावली. दुसरी म्हणाली, "मी उजवीकडून पडतो."

मी चालले. गादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. गादीवर पाय रुतत होते, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच लंगडत होते. ताई खाली बसून माझ्या पावलांकडे पाहत होती. तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही. माझी मान मात्र वर होती, कारण खाली घातली असती तर माझीच पावलं दिसली असती, आणि मला तिचा चेहरा पाहायचा होता. त्यावर काही नव्हतं. मी कापड मोजताना माझ्या तोंडावर जे असतं तेवढंच होतं.

"डावीकडून पडतं तू," ती उठत म्हणाली. "मंग डावीकडूनच सुरू करू. उद्या साडेपाचले येजो. सलवार घालून येजो, साडी नको."

बाबा अजून उभेच होते.

"म्हनजे," त्यांनी विचारलं, "कळवतो नाई ना?"

"कायचं कळवतो? उद्या येजो म्हटलं ना."

बाबांनी खिशात हात घातला. माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, "बाबा, नका." पण डबी बाहेर आली होती. त्यांनी ताईला समजावून सांगायचा प्रयत्न केला, की आमच्यात होकार आला की सुपारी फोडतात, आणि ही बऱ्याच दिवसांपासून तशीच आहे. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला किती समजलं माहीत नाही. अडकित्ता नव्हता. तिनं बाहेर जाऊन दार अडकवायचा दगड आणला आणि माझ्या हातात दिला.

सुपारी गादीच्या कडेला फरशीवर ठेवली. पहिला घाव चुकला आणि सुपारी उडून गादीखाली गेली, तेव्हा सगळ्या पोरी गुडघ्यांवर बसून ती शोधायला लागल्या. दुसऱ्या घावाला फुटली. आतून ती किडली होती. नऊ वर्षांत किड्यानं सगळा गर खाल्ला होता, नुसतं टरफल आणि पीठ उरलं होतं. आम्ही तिघं त्या पिठाकडे पाहत राहिलो. मग बाबांनी त्यातलाच एक तुकडा उचलून तोंडात टाकला, एक ताईच्या हातावर ठेवला, आणि अशा वेळी मुलीच्या बापानं म्हणायचं वाक्य, जे त्यांनी नऊ वर्षं तयार ठेवलं होतं, ते म्हणाले.

"पोरगी आमची कमी बोलते. सांभाळून घेजा."

"सांभाळनार नाई, काका," ताई म्हणाली. "पाडनार आहो."

बाबा सुपारी चावत उभे राहिले. या माणसानं नऊ वर्षं मला आमच्या घरातून पाठवण्यासाठी इस्त्रीचे सदरे घातले होते.

"पाडजा," ते म्हणाले. "पन रोज रात्री घरी येईन ना पोरगी?"